कोठीतले चेहरे : कुणाचं नाव उरलं, कुणाची तसबीर

(मंडळाच्या मासिक बैठकीत वाचलेलं टिपण. बैठकीनंतरच्या चर्चेत निघालेले काही मुद्दे त्यात घातले आहेत.)

सुरुवात सात तसबिरींपासून करतो. आपल्या कोठी-सुलतान बाजार भागातल्या एका जुन्या संस्थेत आम्ही तिघं सभासद यादी करायला गेलो होतो. संस्थेचं नाव इथे घेत नाही, कारण हीच गोष्ट पाच-सहा ठिकाणी घडलेली आहे. सभागृहाला नवा रंग दिला होता. भिंती झकास दिसत होत्या, पण मोकळ्या. जुन्या तसबिरी कुठे आहेत म्हणून विचारलं तर शिपाई म्हणाला, "रंगाच्या वेळी उतरवल्या साहेब, मागे ठेवल्यात." मागे म्हणजे जिन्याखाली. तिथे सात चौकटी भिंतीकडे तोंड करून उभ्या. दोघांच्या काचा तडकलेल्या, एकीच्या पुठ्ठ्याला वाळवी. एकाही चौकटीवर नाव नाही. पूर्वी नावाच्या पट्ट्या भिंतीवर होत्या, तसबिरीखाली. त्या रंगाखाली गेल्या.

आमच्याबरोबर अण्णा होते. वय नव्वदीला टेकलेलं. त्यांनी एकेक चौकट उजेडात धरून पाहिली आणि तीन जणांची नावं सांगितली. उरलेल्या चौघांपुढे बराच वेळ बसले, मग म्हणाले, "चेहरे ओळखीचे आहेत रे. नावं गेली."

हे टिपण त्या वाक्यातून निघालं. आपण वारसा म्हणतो तेव्हा इमारती पाहतो, कमानी मोजतो. पण माणसांचं काय टिकतं? नाव टिकतं, की चेहरा? दोन्ही एकत्र टिकायला काय लागतं? कोठीच्या दोनशे वर्षांत याची सगळ्या प्रकारची उदाहरणं सापडतात. तैलचित्र, छायाचित्र, छापील तसबीर, पुतळा, सगळं एका फेरफटक्यात. तोच फेरफटका मारू या.

कोठी म्हणजे कुठली कोठी

मराठी माणसाला कोठी म्हटलं की आधी धान्याची कोठी आठवते. इथली कोठी ती नव्हे. दखनीत कोठी म्हणजे मोठा बंगला, हवेली. आपल्या भागाला हे नाव मिळालं ते मुसी नदीच्या उत्तरेला बांधलेल्या इंग्रज रेसिडेन्सीवरून. निजामाच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला उभारायला घेतली. आराखडा मद्रास इंजिनिअर्समधल्या लेफ्टनंट सॅम्युएल रसेलचा. समोर उंच खांबांची ओळ, दर्शनी त्रिकोणात कंपनीचं चिन्ह, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना सिंह. १९४९ पासून इथे मुलींचं कॉलेज भरतं, म्हणून आपल्यातल्या कित्येक घरांतल्या आई-आत्या-मावश्या या दरबार हॉलमधून वर्गाला गेलेल्या आहेत.

रेसिडेन्सीच्या आसपास जो बाजार वसला तो रेसिडेन्सी बाजार. तिथे अंमल रेसिडेंटचा. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झालं. मराठी घरं, वाचनालय, विवेकवर्धिनीसारखी शाळा, आर्य समाज, तेलुगू वाचकांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे सगळं याच परिसरात फुललं. म्हणजे चेहरे जपणारी संस्थांची सभागृहंही इथलीच.

मद्रासेत काढलेलं चित्र

कोठीशी जोडलेलं सगळ्यात प्रसिद्ध व्यक्तिचित्र कोठीत नाही, हैदराबादेतही नाही. ते हाँगकाँग-शांघाय बँकेच्या संग्रहात आहे. चित्रात दोन लहान मुलं आहेत. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन. अंगावर हैदराबादी दरबारी पोशाख. मुलगा धीटपणे समोर पाहतो आहे. मुलीचा चेहरा उतरलेला, जणू नुकतीच रडून थांबली आहे.

ही कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा बेगम यांची मुलं. घरातली नावं साहिब आलम आणि साहिब बेगम. १८०५ मध्ये त्यांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचं ठरलं. जहाज मद्रासहून सुटणार होतं. त्या वेळी जॉर्ज चिनेरी हा इंग्रज चित्रकार मद्रासेत होता. जहाज सुटण्यापूर्वी त्याने हे तैलचित्र केलं. सप्टेंबरात मुलं निघाली. ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक कलकत्त्याला वारला. आईने मुलांना पुन्हा कधी पाहिलं नाही. १८१३ मध्ये तीही गेली. इंग्लंडात मुलांचे बाप्तिस्मे झाले, नावं बदलली. साहिब आलमचा विल्यम जॉर्ज झाला, साहिब बेगमची कॅथरिन अरोरा, लाडाने किटी.

म्हणजे पाहा, या चित्राचं काम काय होतं? मोठेपण मिरवण्याचं नव्हे. मुलं नजरेआड होणार, तेव्हा घरात काहीतरी मागे राहावं, एवढंच. फोटो निघायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती. तोवर दूर गेलेल्या माणसाचा चेहरा पाहायचा तर चित्रकार गाठण्याशिवाय इलाज नव्हता, आणि तो फार थोड्यांना परवडत होता.

पुढे हे चित्र हेन्री रसेल नावाच्या नंतरच्या रेसिडेंटकडे गेलं आणि त्याच्याबरोबर इंग्लंडला पोचलं. बऱ्याच वर्षांनी किटी त्याच्या स्वॅलोफील्डच्या घरी गेली असताना तिला ते भिंतीवर दिसलं. स्वतःचा आणि भावाचा चेहरा तिने ओळखला आणि तिला रडू आवरलं नाही. भाऊ तोवर गेलेला होता. रसेलने मृत्युपत्रात ते चित्र तिच्या नावे केलं. हैदराबादेत तिची आजी शरफुन्निसा अजून हयात होती. १८४१ च्या सुमारास आजी-नातीचा पत्रव्यवहार सुरू झाला, तोही एवढ्या वर्षांच्या खंडानंतर.

मुलांचं चित्र आज पुस्तकांतून जगभर छापलं जातं. खैरुन्निसेचा मात्र असा ओळखीचा चेहरा आपल्यापाशी नाही. ती पडद्यातली. तिची आठवण म्हणून कोठीच्या आवारात एक वेगळीच वस्तू आहे, रेसिडेन्सीची छोटी प्रतिकृती. सांगतात असं, की पडद्यामुळे तिला मुख्य इमारतीच्या दर्शनी बाजूला येता येत नव्हतं, म्हणून कर्कपॅट्रिकने तिच्या बागेत इमारतच लहान करून ठेवली. कथा खरी धरा वा न धरा, कोठीत इमारतीचं 'व्यक्तिचित्र' आहे आणि बाईंचं नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

तेव्हा पुण्यात

इथे जरा पुण्याला जाऊन यावं लागेल, कारण तिथेही रेसिडेंटच्या हवेलीतूनच एक चेहरा आपल्या घरांत आला आहे. दोन्ही दरबारांचं नातं तेव्हा जवळचं होतं, कधी दोस्तीचं, कधी लढाईचं. १७९० मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी एकत्र आले. १७९५ मध्ये खर्ड्याला पेशवे आणि निजाम एकमेकांशी लढले, आणि तहात निजामाचा दिवाण अरिस्तू जाह पुण्याला ओलीस गेला.

पुण्यात तेव्हा रेसिडेंट होता चार्ल्स मॅलेट. त्याच्यामुळे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. १७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं मोठं तैलचित्र केलं. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम तांबट हा मराठी कलाकार वेल्सच्या हाताखाली तयार झाला. वेल्स १७९५ मध्येच वारला. पण नानांचा जो उभट, बारीक, सावध चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येतो, त्याच्या मुळाशी त्या काळातली ही चित्रं आहेत. पुढे १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला, आणि दरबारातले पुरुष शिळाछापाने सामान्य माणसाच्या ओसरीवर आले.

निजामाच्या दरबाराची स्वतःची चित्रपरंपराही होती. वेंकटचेलम हा तिथला नावाजलेला चित्रकार. दखनी चित्रात चेहरा बहुतेक एकचष्मी, म्हणजे बाजूने दिसणारा, एकच डोळा दाखवणारा. त्यात माणूस ओळखायचा तो नाकावरून, दाढीच्या वळणावरून, पागोट्यावरून आणि दागिन्यांवरून. चित्र माणसाचं असे, तसंच त्याच्या हुद्द्याचंही. समोर पाहणारा, क्षणाचा भाव पकडलेला चेहरा ही तैलरंगवाल्यांनी आणलेली रीत. चिनेरीच्या चित्रातली ती रडवेली मुलगी एकचष्मीत मावली नसती. आणि एकचष्मीतला डौल तैलचित्रात कुठे दिसतो?

ज्याला टांगलं, त्याचा चेहरा

कोठीतलं पुढचं नाव तुर्रेबाज खान. १७ जुलै १८५७ ला संध्याकाळी रोहिल्यांच्या जमावाने रेसिडेन्सीवर चाल केली. पुढे तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन. पुतळीबावलीकडच्या दोन सावकारांच्या घरांत शिरून त्यांनी रेसिडेन्सीवर गोळीबार केला. रात्रभर चकमक चालली, पहाटेपर्यंत उठाव मोडला. मौलवींना अंदमानात पाठवलं, ते तिथेच वारले. तुर्रेबाज खान कैदेतून निसटला. जानेवारी १८५९ मध्ये तूपरानजवळ त्याला मारलं आणि प्रेत आणून रेसिडेन्सीपाशी लोकांना दिसेल असं टांगलं.

या प्रकाराकडे आपल्या विषयाच्या अंगाने पाहा. राज्यकर्त्यांनी एका माणसाचा चेहरा भर बाजारात मुद्दाम दाखवला. का, तर लोकांना दहशत बसावी. राजाची तसबीर टांगतात ती मान वाकावी म्हणून, बंडखोराचं प्रेत टांगतात तेही त्याचसाठी. पण तसबीर टिकते, प्रेत टिकत नाही. म्हणून आज कोठीतल्या एका रस्त्याला तुर्रेबाज खानचं नाव आहे, स्वातंत्र्यानंतर बसस्टँडजवळ स्मारकस्तंभही उभा राहिला, पण 'तुर्रेबाज' म्हटल्यावर डोळ्यांसमोर चेहरा येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याची भूमिका करणाऱ्या पोराला मिशी कशी लावायची, हे रंगभूषा करणाऱ्याच्या मर्जीवर.

नाव आहे, चेहरा नाही. खैरुन्निसा पडद्यामुळे, तुर्रेबाज राज्यकर्त्यांच्या रागामुळे. दोघांच्या बाबतीत कारणं वेगळी, पण रिकामी चौकट एकच.

दीनदयाळांच्या काचा

आता कॅमेरा येतो. हैदराबाद आणि फोटो म्हटलं की राजा दीनदयाळ. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधान्याचा. शिक्षण रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, नोकरी इंदूरला बांधकाम खात्यात. तिथे होळकरांच्या मुलखात त्यांनी छायाचित्रण वाढवलं. १८८० च्या दशकात ते हैदराबादेकडे आले, सिकंदराबादला स्टुडिओ काढला. सहावा निजाम महबूब अली खान याने त्यांना दरबारी छायाचित्रकार केलं आणि 'राजा' हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांचा स्टुडिओ निघाला.

त्या काळात फोटो काढणं म्हणजे काय होतं हे लक्षात घेतलं पाहिजे. आधी ओल्या काचेची रीत होती. काचेवर द्रावण ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, लगेच अंधाऱ्या खोलीत धुवायची. दीनदयाळांच्या उमेदीच्या काळात तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि काम सोपं झालं. तरी बसणाऱ्याला काही क्षण हलायची बंदी. म्हणून जुन्या तसबिरींत माणसं एवढी ताठ बसलेली असतात. एक हात खुर्चीवर, दुसरा तलवारीवर नाहीतर पुस्तकावर. तो स्वभाव नव्हे, ती कॅमेऱ्याची अट. नंतर काचेवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या घालवायच्या, कागदावर उठवलेल्या चित्रात हाताने रंग भरायचे. म्हणजे फोटोतही चित्रकार होताच.

निजाम, अमीर-उमराव, रेसिडेंट, शिकारी, मेजवान्या या सगळ्यांचे चेहरे दीनदयाळांच्या काचांवर उतरले. आपल्या विषयासाठी मोलाची गोष्ट १८९२ ची. पडद्यातल्या बायकांसाठी त्यांनी हैदराबादेत वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिला. बायकांचे फोटो बाईच काढणार. खैरुन्निसेच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी हैदराबादच्या घरंदाज स्त्रीला पडदा न मोडता आपला चेहरा मागे ठेवायची सोय झाली.

पण ते फोटो घरातल्यांपुरते. दुकानाच्या काचेत लावायचे नव्हेत, विकायच्या यादीत घालायचे नव्हेत. त्यामुळे जुन्या अल्बमात पुरुषांची नावं किताबांसकट मिळतात, आणि बाईच्या फोटोखाली मिळालंच तर 'बेगम' एवढंच. इथे उलटं झालं. चेहरा राहिला, नाव राहिलं नाही. सालारजंग म्युझियममधली 'व्हील्ड रिबेका' आपण सगळ्यांनी पाहिली आहे. बेंझोनीने कोरलेली, पहिल्या सालारजंगांनी १८७६ मध्ये रोमहून घेतलेली. दगडाचा पडदा आणि त्यातून दिसणारा चेहरा. त्या मूर्तीपुढे गर्दी हटत नाही. जनाना स्टुडिओतल्या बायका मात्र त्या पडद्याच्या आतच राहिल्या.

दीनदयाळ १९०५ मध्ये वारले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी २,८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. काचांवर आणि छायाचित्रांवर नंबर घालायची त्यांची पद्धत होती. एवढी मोठी शिस्त एका स्टुडिओने ठेवली म्हणून आज अभ्यास करता येतो. आपल्या सभागृहातल्या सात तसबिरींना नंबरही नव्हता.

छापील चेहरे

फोटो एकाच्या घरात, छापील तसबीर शंभर घरांत. मराठी घरांत हे काम आधी चित्रशाळेने केलं, मग १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने. देवांच्या तसबिरी सगळ्यांना आठवतात, पण त्याच खिळ्यांच्या ओळीत शिवाजी महाराज आले, नाना आले, पुढे टिळक आले, गांधी आले. कोणाची तसबीर कोणत्या देवाशेजारी लावायची यावरून घरात वाद होत. माझ्या लहानपणी आमच्या बैठकीच्या खोलीत दत्ताच्या एका बाजूला टिळक आणि दुसऱ्या बाजूला आजोबा होते. पाहुण्यांना टिळक सांगावे लागत नसत, आजोबा सांगावे लागत.

छापील चित्राची ताकद हीच. एकच चेहरा इतक्या वेळा समोर येतो की नाव लिहायची गरजच उरत नाही. पगडी आणि मिशी दिसली की टिळक, चष्मा आणि टक्कल दिसलं की गांधी. माणसाची खूण होते. पण खूण झाली की माणूस थोडा मागे पडतो. टिळकांचा हसरा फोटो तुम्ही कितीदा पाहिलात?

आणि ज्यांची तसबीर छापली गेली नाही त्यांचं काय? न्यायमूर्ती केशवराव कोरटकर (१८६७–१९३२) हे नाव हैदराबादी मराठी माणसाला नवं नाही. वकिली, न्यायासन, शिक्षणसंस्था, सार्वजनिक चळवळ, सगळीकडे त्यांचा हात. पण मराठवाड्यातल्या किंवा पुण्यातल्या शाळकरी मुलाला त्यांचा चेहरा दाखवला तर तो ओळखणार नाही. त्यांचं स्मारक वेगळ्या रूपात झालं. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार यांनी १९४० मध्ये त्यांच्या नावाने शाळा काढली, तीच नारायणगुड्याची केशव स्मारक. पुतळ्याऐवजी शाळा. मला विचाराल तर सौदा वाईट नाही. पण त्या शाळेतून बाहेर पडलेल्या किती जणांना 'केशव' म्हणजे कोण हे सांगता येईल? बरेच जण श्रीकृष्ण समजतात, हे बैठकीत दोघांनी हसत कबूल केलं.

पुतळे

निजामाच्या राज्यात चौकाचौकांत पुतळे उभारायची रीत रुजली नाही. त्यामुळे हैदराबादचं पुतळ्यांचं युग खरं तर स्वातंत्र्यानंतरचं. त्याचा मोठा टप्पा १९८० च्या दशकातला. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना टँकबंडवर कवी, राजे, समाजसुधारक यांच्या पुतळ्यांची रांग लागली. त्यात सहावा निजाम महबूब अली खानही आहे. दीनदयाळांच्या कॅमेऱ्यासमोर जो ताठ बसला होता तोच आता तलावाकडे पाठ करून उभा. गेलेल्या माणसाचा पुतळा करताना शिल्पकाराच्या टेबलावर असतात ते फोटो आणि चित्रं. एकीकडून काढलेल्या फोटोवरून त्याला मानेची मागची बाजू, कानाची ठेवण कल्पनेने भरावी लागते. म्हणजे फोटो नीट टिकला तर पुतळा नीट होतो. १० मार्च २०११ ला तेलंगण आंदोलनाच्या मोर्च्यात टँकबंडवरचे काही पुतळे पाडले गेले, पुढे परत बसवले. चौकातला चेहरा सगळ्यांचा असतो, त्यामुळे भांडणही त्याच्याशीच होतं.

हुसेनसागराच्या काठी आता सगळ्यात उंच चेहरा आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. पुतळा १२५ फूट, खाली ५० फुटांचा चौथरा. १४ एप्रिल २०२३ ला अनावरण झालं. शिल्पकार राम सुतार, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. सुतारांचा आणि आपल्या जुन्या राज्याचा एक धागा फारसा कुणी सांगत नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडल्यावर १९५० च्या दशकात ते पुरातत्त्व खात्यात होते आणि वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचं काम करत होते. वेरूळ तेव्हा हैदराबाद राज्यात होतं, १९५६ पर्यंत. ज्या राज्यातल्या लेण्यांत त्यांनी मोडलेले चेहरे जुळवले, त्याच्या राजधानीत सत्तर वर्षांनी त्यांच्या हातचा बाबासाहेबांचा चेहरा उभा राहिला.

बाबासाहेबांचा चेहरा, कोट, चष्मा, हातातलं पुस्तक ही खूण मात्र कुठल्या दरबाराने किंवा छापखान्याने एकट्याने घडवलेली नाही. ती वस्त्यांतल्या लोकांनी वर्गणी काढून, फोटोवरून छोटे-छोटे पुतळे करवून, भिंतीवर रंगवून घडवली. १२५ फुटी पुतळ्याच्या आधी तीन फुटी हजारो होते. ज्यांच्या पूर्वजांची एकही तसबीर कुठल्या भिंतीवर लागली नव्हती, त्यांनी हा चेहरा जपला.

आणि फेरी संपवायला परत कोठीत येऊ. रेसिडेन्सीतल्या कॉलेजचं २०२२ मध्ये विद्यापीठ झालं आणि २०२४ मध्ये त्याला चाकली इलम्मा यांचं नाव देण्यात आलं. पालकुर्तीची ही बाई परिटाच्या जातीत जन्मलेली. विसनूरच्या देशमुखाविरुद्ध आपल्या कसत्या जमिनीसाठी आणि उभ्या पिकासाठी लढली. १९८५ मध्ये वारली. आज तेलंगणात गावोगाव तिचे पुतळे आहेत, बॅनरवर चेहरा आहे. ज्या आवारात दोनशे वर्षांपूर्वी एक बेगम राहिली आणि तिचा ओळखीचा चेहरा मागे उरला नाही, तिथल्या फाटकावर आता एका कष्टकरी बाईचं नाव आहे, आणि त्या नावामागे चेहराही आहे. कोठीच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे.

परत जिन्याखाली

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. चेहरा टिकतो तो माणूस किती मोठा होता यावर नाही. कोणीतरी तो टिकवायची तजवीज केली का, यावर टिकतो. चिनेरीला बोलावणारा बाप होता. दीनदयाळांकडे नंबर घालणारे हात होते. बाबासाहेबांमागे वर्गणी काढणारे लोक होते. मधल्या माणसांचं, म्हणजे शाळा काढणारे, वाचनालयाच्या पावत्या फाडणारे, समूह-छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहणारे, यांचं काम आपल्यालाच करावं लागणार. समूह-छायाचित्रात मधल्या खुर्चीतल्या अध्यक्षांना सगळे ओळखतात. संमेलन ज्यांनी पार पाडलं ते मागे उभे असतात.

म्हणून बैठकीत ठरलेल्या गोष्टी इथे देतो. घरी किंवा संस्थेत जुनी तसबीर असेल तर एवढं तरी करा.

तसबीर भिंतीवरून उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, खालची पट्टी आणि आजूबाजूच्या तसबिरी दिसतील असा. कुठल्या शेजारी कोण होतं यावरूनही पुढे ओळख पटते.

फोटो ज्या पुठ्ठ्यावर चिकटवला आहे तो कापू नका. स्टुडिओचं नाव आणि गाव त्यावरच असतं, आणि त्यावरून साल काढता येतं.

मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. चिकटपट्टी तर नकोच नको.

नाव पक्कं माहीत नसेल तर 'अमुक यांच्या सांगण्यावरून' असं लिहा. अंदाज आणि खात्री यांची गल्लत झाली की पुढचा माणूस फसतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या रविवारी अल्बम दाखवा. पुढच्या दिवाळीला म्हणू नका. आणि बायकांची नावं विचारा, माहेरच्या नावासकट. 'काकांची बायको' हे नाव नव्हे.

सात तसबिरींचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. संस्थेच्या चिटणीसबाईंना आम्ही भेटलो. त्यांना जिन्याखालच्या चौकटींची कल्पनाच नव्हती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या कपाटात ठेवून घेतल्या. अण्णांनी सांगितलेली तीन नावं मागे लिहिली आहेत. उरलेल्या चौघांचे फोटो आम्ही कागदावर छापून गेला महिनाभर जुन्या घरांत फिरवले. इसामिया बाजारातल्या एका आजींनी एक चेहरा पाहिल्याबरोबर पदर डोळ्यांना लावला. ते त्यांच्या शाळेतले मास्तर होते. आता चार नावं झाली.

तीन उरली आहेत. पुढच्या बैठकीला ते तीन फोटो टेबलावर ठेवणार आहोत. कोठीत वाढलेलं कुणी तुमच्या घरी असेल तर त्यांना जरूर घेऊन या, रिक्षाचं भाडं मंडळ देईल.